जुने खेळ, छोटा संगणक: हातात काय धरायचं?

जुन्या घरगुती संगणकांच्या छोट्या प्रतिकृती आणि रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') या छोट्याशा संगणकावर घरीच उभे केलेले गेमिंगचे डबे आता आपल्या भागातही बऱ्याच घरांत पोचलेत. यंत्र येतं, टीव्हीला लागतं आणि मग पत्र येतं: तिरकं जाता येत नाही, बटण उशिरा लागतं, पॅड मध्येच बंद पडतो. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. गडबड असते ती हातातल्या कंट्रोलरमध्ये, नाहीतर मागच्या चार्जरमध्ये. या वेळी त्याच विषयावरची निवडक पत्रं घेतली आहेत.

सगळ्याच उत्तरांना लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगतो. कंट्रोलर घ्यायचा तो खेळ बघून. १९८२ चा कमोडोर ६४ एका बटणाच्या जॉयस्टिकवर खेळला जायचा, १९८७ च्या अमिगा ५०० ला माउस आणि जॉयस्टिक दोन्ही लागायचं, आणि १९८३ मध्ये जपानात आलेल्या फॅमिकॉम या टीव्ही गेमला अंगठ्याने दाबायचा पॅड होता. खेळ लिहिणाऱ्यांनी उडी किती लांब ठेवायची, शत्रू किती वेगाने सोडायचा हे त्या त्या वस्तूवर हात ठेवूनच ठरवलं. हातातली वस्तू चुकली की सोपा खेळही अवघड होतो.

प्रश्न: मेहुण्यांनी इंग्लंडहून सी६४ मिनी आणली. सोबतच्या जॉयस्टिकवर तिरकी उडी मारताच येत नाही. घरात संगणकाचा साधा यूएसबी पॅड होता, तो लावला तर यंत्र दादच देत नाही. नवीन जॉयस्टिक कुठली घ्यावी? (निपाणी)

सी६४ मिनी म्हणजे कमोडोर ६४ ची छोटी प्रतिकृती. २०१८ मध्ये आलेल्या या मिनीसोबतच्या जॉयस्टिकमध्ये मायक्रोस्विच, म्हणजे दाबले की टिक करणारे छोटे स्विच, नाहीत. त्यामुळे दिशा लागली की नाही हे हाताला कळत नाही. जुन्या पद्धतीच्या जॉयस्टिकमध्ये चारच स्विच असतात: वर, खाली, डावा, उजवा. तिरकी दिशा म्हणजे शेजारचे दोन स्विच एकाच वेळी बंद होणं. मायक्रोस्विच असला की पहिली 'टिक' आणि लगेच दुसरी 'टिक' हाताला जाणवते आणि मनगट तिथेच थांबतं. ती खूणच नसेल तर माणूस अंदाजाने दांडा रेटत राहतो, आणि नेमकी उडीच्या वेळी एक दिशा सुटते.

याच कंपनीचा पूर्ण आकाराचा सी६४ २०१९ च्या अखेरीस आला. त्याच्यासोबतची जॉयस्टिक दिसायला हुबेहूब अशीच आहे, पण आत मायक्रोस्विच आहेत. ती सुटीही मिळते आणि मिनीला थेट चालते. तीच घ्या. दोन्ही सारख्या दिसत असल्याने जुन्या बाजारातून घेताना फसगत होते, म्हणून दांडा चारी बाजूंना हलवून आवाज ऐका. टिक आली नाही तर परत ठेवा.

साध्या पॅडचं म्हणाल, तर आधी मिनीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, बघा. सेटिंगमधल्या सिस्टिमच्या पानावर आवृत्तीचा आकडा दिसतो. नवी फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता ठेवा आणि त्याच पानावरून अपडेट करा. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, तेव्हा मिनी इन्व्हर्टरच्या लाईनवर ठेवूनच हे काम करा. तरीही पॅड ओळखला गेला नाही तर त्याच्यामागे लागू नका. खेळायची सोय झाली तरी मेनूचं बटण हवंच असतं, आणि ते मूळ जॉयस्टिकवर आहे. म्हणून दुसरा कंट्रोलर घेतला तरी मूळ जॉयस्टिक दुसऱ्या पोर्टमध्ये राहू द्या.

आणखी एक अडचण तुम्हाला पुढे येणारच आहे. पेनड्राइव्हवरून टाकलेला एखादा खेळ सुरू होतो, पण जॉयस्टिकला हलतच नाही. कमोडोर ६४ ला दोन जॉयस्टिक पोर्ट होते आणि कुठला वापरायचा हे खेळ लिहिणारा ठरवायचा. पोर्ट १ च्या तारा आणि कीबोर्डच्या काही तारा एकाच चिपवर सामाईक होत्या. त्या पोर्टातली जॉयस्टिक हलवली की पडद्यावर भलतीच अक्षरं उमटायची, म्हणून बहुतेकांनी एकट्याच्या खेळासाठी पोर्ट २ धरला. सगळ्यांनी मात्र नाही. मिनीवर यावर सोपा इलाज आहे: फाइलच्या नावाच्या शेवटी, टिंबाच्या आधी, अंडरस्कोर टाकून कॅपिटल 'जे' आणि १ किंवा २ असं इंग्रजीत लिहा. यंत्र मुख्य जॉयस्टिक त्या पोर्टाला जोडून देतं.

प्रश्न: ए५०० मिनीला तीनच यूएसबी पोर्ट आहेत. माउस, पॅड आणि पेनड्राइव्ह लावला की संपले. कीबोर्ड कुठे लावू? (टिळकवाडी, बेळगाव)

अमिगा ५०० च्या या छोट्या प्रतिकृतीला साधा यूएसबी २.० हब घ्या, चार तोंडांचा. कीबोर्ड आणि माउस हबवर, पॅड आणि पेनड्राइव्ह थेट यंत्रावर. पेनड्राइव्ह हबवर टाकून त्याच हबला रंगीत दिव्यांचा कीबोर्ड जोडला, तर वीज कमी पडून पेनड्राइव्ह मध्येच दिसेनासा होऊ शकतो. कीबोर्ड बिनदिव्यांचा, कार्यालयात असतो तसला स्वस्तातलाच बरा. मिनीवरचा कीबोर्ड नुसता शोभेचा आहे, त्यामुळे ज्या खेळात नाव टाइप करायचं असतं किंवा एफ १ दाबायचं असतं तिथे बाहेरचा कीबोर्ड असला की फार सोपं जातं. पेनड्राइव्ह इथेही फॅट३२ हवा, एक्सफॅट चालत नाही. ३२ जीबीचा घेतलात तर विंडोजमध्येच फॉरमॅट होतो. मोठा घेतलात तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ चा पर्याय सहसा दिसतच नाही.

प्रश्न: माळ्यावर जुना टीव्ही व्हिडिओ गेम सापडला. यंत्र मेलंय, पण दोन्ही पॅड चांगले आहेत. त्यांना नऊ पिनांचं तोंड आहे. ऑनलाइन नऊ पिनांचं यूएसबी अडॅप्टर मिळतं, ते लावून हे पॅड पायला चालतील का? (चिकोडी)

तोंड बसेल, पॅड चालणार नाही. हा घोटाळा अनेकांचा होतो, म्हणून नीट सांगतो.

बाजारात मिळणारं नऊ पिनांचं अडॅप्टर अटारी-कमोडोर पद्धतीच्या जॉयस्टिकसाठी असतं. त्या पद्धतीत अक्कलहुशारीचं काहीच नाही: १ नंबरची पिन वर, २ खाली, ३ डावी, ४ उजवी, ६ फायर आणि ८ ग्राउंड. दांडा वर केला की १ आणि ८ या पिना एकमेकींना जोडल्या जातात, एवढंच. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक टीव्ही गेम मात्र फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या पॅडमध्ये एक चिप असते, ती आठही बटणांची स्थिती एकाच तारेवरून एकामागून एक पाठवते. तिला पाच तारा लागतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. कारखान्यांनी स्वस्त पडावं म्हणून तेच नऊ पिनांचं तोंड वापरलं, पण आतली जोडणी वेगळी.

खात्री करायची तर पॅडच्या मागचे स्क्रू काढून बघा. वायर पाच असतील आणि बोर्डावर काळ्या राळेचा वाटोळा थेंब दिसत असेल तर तो चिपवाला पॅड. वायर सहा असतील आणि थेंब नसेल तर साधा. न उघडता बघायचं असेल तर मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक १ वर, दुसरं ८ वर आणि 'वर'चं बटण दाबा. बीप आला तर साधी पद्धत.

तुमचा चिपवालाच निघणार, असं पत्रातल्या वर्णनावरून वाटतं. तो वाया जात नाही. आर्डुइनो प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड घ्या, पाच व्होल्टवाला. याच्यावरची एटीमेगा ३२यू४ चिप स्वतः यूएसबी पॅड म्हणून वावरू शकते. उनो आर३ बोर्ड घेऊ नका, त्याच्या मुख्य चिपमध्ये यूएसबी नाही. पॅडची पाच व्होल्टची आणि ग्राउंडची तार बोर्डावरच्या त्याच नावाच्या ठिकाणी, आणि लॅच, क्लॉक, डेटा या तीन तारा कुठल्याही तीन डिजिटल पिनांना. वायरच्या रंगावर अजिबात विसंबू नका, प्रत्येक कारखान्याचे रंग निराळे. पॅडच्या बोर्डावर वायर जिथे सोल्डर केली आहे तिथे बहुधा अक्षरं छापलेली असतात, ती बघा. बोर्डावर टाकायच्या प्रोग्रॅमचं काम असं चालतं: लॅच क्षणभर उंच करून खाली आणली की चिप त्या क्षणीची बटणं टिपून ठेवते, मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बटण सांगते. क्रम ठरलेला आहे: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं बटण शून्य येतं, न दाबलेलं एक. सगळी बटणं उलटी चालत असतील, म्हणजे हात न लावता सगळं दाबल्यासारखं दिसत असेल, तर हेच विसरलं गेलेलं असतं.

प्रश्न: मी उद्यमबागेत कामाला आहे, पत्र्याचं काम हातातलं आहे. दोघांना खेळता येईल असं आर्केडसारखं पॅनेल पायसाठी करायचंय. काय काय आणू, आणि मापं काय ठेवू? (बेळगाव)

ज्यांच्या हाताशी लेसर कटिंग आणि पावडर कोटिंग आहे त्यांनी हेच करावं. तयार जॉयस्टिकपेक्षा ते कितीतरी दणकट होतं, आणि पुढे दुरुस्तीही आपल्याच हातात राहते.

सामान दोघांचं मिळून: आठ-दिशांच्या मायक्रोस्विच जॉयस्टिक २, ३० मिमीची बटणं १२, म्हणजे प्रत्येकी ६, स्टार्ट-सिलेक्टसाठी २४ मिमीची बटणं ४, 'झिरो डिले' नावाने मिळणारे यूएसबी एन्कोडर बोर्ड (बटणं संगणकाला यूएसबी पॅड म्हणून दाखवणारे) २, वायर बहुधा बोर्डासोबतच येतात. बटण घेण्याआधी त्याच्या पात्याची रुंदी विचारा. पटकन बसणाऱ्या ३० आणि २४ मिमीच्या बटणांना २.८ मिमीची पाती असतात, आणि खाली वेगळा मायक्रोस्विच लागणाऱ्या जाड बटणांना ४.८ किंवा ६.३ मिमीची. बोर्डासोबतच्या वायरची टोकं एका मापाची आणि बटणाची पाती दुसऱ्या मापाची निघाली की चोवीस नाहीतर बत्तीस टोकं नव्याने क्रिंप करत बसावं लागतं.

पत्रा २ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) घ्या. पटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यातच घट्ट बसतात, कारण त्यांच्या बाजूच्या पाकळ्या पत्र्याच्या खालच्या कडेला अडकतात. १२ मिमीच्या प्लायवर किंवा एमडीएफवर करणार असाल तर मात्र नटाची, आट्याची बटणं घ्यावी लागतील. बटणांच्या केंद्रांमध्ये ३६ मिमी अंतर ठेवा, जॉयस्टिकच्या दांड्यासाठी २४ मिमीचं भोक पुरतं. पावडर कोटिंग एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन चढतं, म्हणजे भोक दीड दशांश मिलिमीटरने आवळतं. म्हणून ३० चं भोक ३०.२ कापा. कोटिंगला देण्याआधी भोकांच्या कडांची बर कानशीने काढा, नाहीतर वायरचं आवरण तिथेच कापलं जाईल आणि पत्र्याला लागून एखादं बटण आपोआप दाबलं जात राहील. पेटीची खोली ६० मिमीच्या खाली नेऊ नका. दोन खेळाडूंच्या जॉयस्टिकमध्ये निदान दीड फूट सोडा, खांद्याला खांदा लागला की भांडणं होतात.

वायरिंगमध्ये जिथे हटकून चुकतं ती जागा म्हणजे वेगळ्या मायक्रोस्विचची तीन पाती: कॉम (सामाईक), एनओ (एरवी सुटलेलं) आणि एनसी (एरवी जोडलेलं). आपल्याला कॉम आणि एनओ ही जोडी हवी. एनसीला वायर गेली की बटण कायम दाबलेलं दिसतं आणि दाबल्यावर सुटतं. मेनू आपोआप खाली पळायला लागला की समजा, 'खाली'च्या स्विचवर हेच झालंय.

दुसरी गोष्ट दोन बोर्डांची. दोन्ही बोर्ड संगणकाला स्वतःची ओळख अगदी एकच सांगतात. त्यामुळे कधी पहिला खेळाडू दुसरा होतो, कधी दुसरा पहिला. दोन्ही केबल्सना रंगीत टेप लावा, यूएसबी पोर्टांवर तोच रंग चिकटवा आणि प्रत्येक वेळी तिथेच खोचा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. त्यानेही ऐकलं नाही तर रेट्रोआर्क या खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या इनपुट सेटिंगमध्ये कुठल्या खेळाडूला कुठलं उपकरण हे हाताने नेमून द्या.

जॉयस्टिकच्या तळाशी एक प्लॅस्टिकची चौकट असते, दांडा कुठे अडतो ते ती ठरवते. चक्रव्यूहात पळायच्या जुन्या खेळांना चारच दिशा असतात. तिथे आठ दिशांची चौकट त्रास देते, वळणावर दांडा तिरका लागतो आणि माणूस भिंतीला अडकतो. काही जॉयस्टिकची चौकट नुसती फिरवून ८ ची ४ करता येते. घेताना तशीच मागा.

प्रश्न: पावसाळा संपला की पॅडची बटणं जोर लावून दाबावी लागतात. ए बटण तर मेल्यात जमा. नवीनच घ्यावा का? (खानापूर)

थांबा. दहा मिनिटांचं काम आहे. पॅडच्या बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या आत कार्बनची काळी टिकली. ती बोर्डावरच्या कंगव्यासारख्या पट्ट्यांवर टेकली की बटण लागतं. ओल्या हवेत हाताचं तेल, बटर चकलीचा चुरा आणि धूळ मिळून त्या पट्ट्यांवर चिकट पापुद्रा बसतो.

केबल काढा, मागचे स्क्रू खोला. बोर्ड उचलताना बटणं खाली सांडतात, आधी एक फोटो काढून ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या, कानाच्या कापसाच्या काडीला लावून बोर्डावरच्या पट्ट्या पुसा. काडी काळी व्हायची थांबेपर्यंत बदलत राहा. कार्बनच्या टिकलीला मात्र अल्कोहोल चोळू नका, कोरड्या कागदावर ती हलकेच दोनदा घासा. काळी रेघ उमटली की पुरे, जास्त घासलं तर टिकलीच संपते. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं पाणी आणि ग्लिसरीन आतच राहतं.

एवढं करूनही ए बटण जड राहिलं तर टिकली झिजलीय. सुट्या रबरी टोप्यांचा संच मिळतो, किंवा न वापरातल्या बटणाची टोपी आकाराने जुळत असेल तर अदलाबदल करा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पॅड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कारवारहूनही असंच पत्र आलंय. तिथे खारी हवा यूएसबीच्या पिनांनाही खाते, त्यामुळे महिन्यातून एकदा त्याच काडीने पिनाही पुसून घ्याव्यात.

प्रश्न: मी दहावीत आहे. माझ्याकडे पाय ४ आहे. चुलतभावासोबत दोन पॅड लावून खेळताना पॅड मध्येच बंद पडतात आणि कोपऱ्यात पिवळी वीज दिसते. चार्जर तर ६५ वॉटचा आहे! (अथणी)

ती पिवळी वीज म्हणजे पायची तक्रार आहे. आत येणारी वीज ४.६३ व्होल्टच्या खाली गेली की ती दिसते. तुझा चार्जर ६५ वॉट देतो तो लॅपटॉपला, २० व्होल्टवर. पाय ४ फक्त पाच व्होल्ट घेतो, आणि तेवढ्यावर त्या चार्जरचे बाकीचे वॉट काही कामाचे नाहीत. खरा चोर बहुधा केबल आहे. हिशोब करून बघ: पातळ केबलचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम धरला आणि पाय २.५ अँपिअर ओढत असला, तर केबलमध्येच अर्धा व्होल्ट गेला. पाचचे साडेचार उरले. म्हणूनच पायचा स्वतःचा चार्जर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा असतो आणि त्याची केबल आखूड, जाड आणि कायमची जोडलेली असते. तोच घे. चारही यूएसबी पोर्टांना मिळून पाय ४ जास्तीत जास्त १.२ अँपिअर देतो, दोन पॅडना तेवढी भरपूर झाली. एखादी हार्ड डिस्क लावलीस तर तिला स्वतःच्या अडॅप्टरचा हब दे.

कुणाकडे पाय झिरो २ डब्ल्यू असेल तर त्याने वीज दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. झिरोच्या बोर्डांवर ही तपासणी करणारं सर्किटच नाही. ते काही न सांगता अडखळतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा चार्जर मिळाला नाही तर तो यूएसबीला ६०० मिलिअँपिअरच सोडतो.

लाईट गेली की मेमरी कार्ड बिघडतं, हेही तुझ्या पत्रात आहे. खेळ संपला की मेनूमधूनच शटडाउन कर, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच स्विच. घरच्या इन्व्हर्टरवर मागे यूपीएस मोडचं छोटं बटण असतं. मोठ्यांना विचारून ते यूपीएसवर ठेव, म्हणजे लाईट जाता-येताना मधली फट कमी होते आणि पाय बंद पडत नाही.

प्रश्न: वायरलेस पॅड घ्यावा की वायरचा? (शहापूर, बेळगाव)

वायरचा. विशेषतः उड्यांच्या आणि गोळीबाराच्या खेळांना. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ५० वर २०. पॅडने एक-दोन चित्रांचा उशीर केला तरी तरबेज हाताला तो कळतो. पण पॅड बदलण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का बघा. तो बंद असताना टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो, आणि तो उशीर कुठल्याही बऱ्या पॅडच्या उशिरापेक्षा मोठा असतो. खूप घरांत हा एकच पर्याय चालू केला की तक्रार मिटते.

वायरलेसच हवा असेल तर धातूची पेटी टाळा, तिच्यात पायचा ब्लूटूथ कोंडतो. पाय ४ च्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात डिस्क आणि तिच्या शेजारीच पॅडचा डोंगल, असं करू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पसरतो. डोंगल हातभर एक्स्टेंशन केबलने पुढे आणा.

प्रश्न: लहानपणीची बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही? (संकेश्वर)

ती बंदूक गोळी सोडत नव्हती, उलट बघत होती. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, आणि नळीतला डोळा तो उजेड टिपायचा. डबा टीव्हीवर ते चित्र ठरलेल्या क्षणी आणि ठरलेल्या कंपनांनी उमटायचं. एलसीडीवर ते उशिरा येतं आणि तशी कंपनंही नसतात. दुरुस्तीने हे जमणार नाही. कॅमेऱ्यावर किंवा इन्फ्रारेड दिव्यांवर चालणाऱ्या नव्या बंदुका मिळतात, महाग आहेत. हौसेपुरतं खेळायचं तर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बंदुकीच्या जागी माउस नेमा.

प्रश्न: घरात जुना २१ इंची डबा टीव्ही आहे, चित्र अजून झकास. सी६४ मिनी आणि पाय ४ त्याला जोडायचे आहेत. (हुक्केरी)

जुन्या खेळांना याहून चांगला पडदा नाही, टाकू नका तो.

मिनीला फक्त एचडीएमआय आहे, तेव्हा कन्व्हर्टर लागेल. दुकानात 'एचडीएमआय टू एव्ही' असं स्पष्ट सांगा. शेजारीच तसाच दिसणारा 'एव्ही टू एचडीएमआय' असतो, तो उलट्या दिशेचा. कन्व्हर्टरला स्वतःची यूएसबी वीज हवी, आणि बाजूला पाल-एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धतींची छोटी कळ असते ती पालवर ठेवा. मिनीच्या सेटिंगमध्येही ५० हर्ट्झ निवडा. युरोपात लिहिलेले खेळ त्याच वेगाचे आहेत. उलट संगणकाच्या मॉनिटरवर मिनी लावली तर काही मॉनिटर ५० हर्ट्झ घेत नाहीत. तिथे ६० ठेवावं लागतं आणि चित्र सरकताना किंचित झटके बसतात.

पाय ४ ला कन्व्हर्टरची गरज नाही, त्याच्या ३.५ मिमीच्या भोकातून व्हिडिओही येतो. ही सोय मुळात बंद असते, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये कंपोझिट (पिवळ्या पिनेचा व्हिडिओ) चालू करावं लागतं, आणि चालू केल्यावर यंत्र थोडं मंदावतं. पाय ५ ला हे भोकच नाही. केबल घेताना सांभाळा: पायच्या जॅकवर टोकाकडून डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड आणि मुळाशी व्हिडिओ असा क्रम आहे. जुन्या कॅमेऱ्यांसोबतच्या दिसायला तशाच केबल्समध्ये ग्राउंड आणि व्हिडिओ बरेचदा उलटे असतात, मग चित्र येत नाही आणि स्पीकर गुणगुणतो. मल्टीमीटर बीपवर ठेवून जॅकचा मुळाकडचा भाग आणि पिवळ्या पिनेचं टोक तपासा. बीप आला तर केबल बरोबर. ही सगळी जोडणी बेळगावात न मिळाल्यास पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एसपी रोड इथे कुणी जाणारं-येणारं असेल तर त्यांच्याकडून मागवा. सोबत जॅकच्या क्रमाचं चित्र कागदावर काढून द्या, आणि दुकानातच मल्टीमीटरवर तपासून घ्यायला सांगा.